कार्डावरचे वय

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबातली मुलगी गरोदर राहिली की माता व बाल संरक्षण कार्डावर तिचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि धनुर्वाताच्या लशीची तारीख काटेकोरपणे लिहिली जाते. मात्र बाळंतपणानंतर तिच्या मनाचे काय होईल, याचा अंदाज ज्यावरून बांधता आला असता ते तिचे वय पुष्कळदा खोटे असते. प्रस्तुत लेखिकेच्या कार्डावरही 16 चे 19 झाले होते, आणि मूल मोठे झाल्यावरही ही गोष्ट तिला सलत राहिली आहे.

पार्श्वभूमी सर्वज्ञात आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’; मुकादमाकडून ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, परतत नाहीत. मुली एकतर आजीजवळ गावी राहतात किंवा कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकटी भावंडे सांभाळतात, आणि वयात आल्या की त्यांना कोठे ठेवावे हा प्रश्न लग्नाने सोडवला जातो. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातील 20 ते 24 वयोगटातील 43 टक्क्यांहून अधिक स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली.

बालपणातील मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातील व्यसन, आईला होणारी मारझोड अशा अनुभवांना ‘बालपणातील प्रतिकूल अनुभव’ म्हणतात. असे अनुभव जितके अधिक, तितका प्रौढपणी नैराश्याचा धोका अधिक, हे फेलिटी आणि आंडा यांच्या 1998 मधील अमेरिकी अभ्यासाने दाखवले. त्या यादीत सहा-सहा महिने आईबापांविना राहणे नव्हते, शाळा सोडून भावंडांना राखणे नव्हते आणि लग्नही नव्हते. म्हणून बीडसाठी ती यादी तोकडी पडते.

नोंदणीच्या दिवशी परिचारिकेने वय विचारले, लेखिकेने खरे सांगितले आणि आकडा लिहिलाही गेला. त्यावर सासूबाई “एकोणीस लिहा, बाई” एवढेच म्हणाल्या. परिचारिकेने क्षणभर दाराकडे पाहिले आणि त्याच बॉलपेनने सहाला गिरवून नऊ केले; शाई दोनदा फिरल्याने तो आकडा शेजारच्या एकापेक्षा ठळक दिसे. लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाच्या 2012 च्या कायद्यानुसार अठराखालील गरोदर मुलीची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, हे त्या खोलीत लेखिका सोडून सर्वांना ठाऊक होते. जिचे वय होते, तिला मात्र तो आकडा बदलताना कोणी काही विचारले नाही. याचा लेखिकेला राग आला, आणि तो न्याय्यच होता. तथापि खरे वय लिहिले गेले असते, तर वडील आणि नवरा दोघेही आरोपी झाले असते, आणि पुढच्या मुलीचे बाळंतपण घरच्यांनी दवाखान्यापासून लपवून फडातच केले असते. असा विचार केला की त्या परिचारिकेला दोष देववत नाही, आणि न देताही राहवत नाही.

बाळंतपणानंतर बाळाला जवळ घ्यावेसे वाटेना, झोप येईना, रडू थांबेना. घरात “बाहेरचं झालंय” असे ठरले, लिंबू उतरवले गेले. दवाखान्यात बाळाचे वजन ग्रॅमपर्यंत नोंदले गेले. प्रसूतीनंतरची हुरहूर साधारण दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढे टिकणारी उदासी हा प्रसूतीपश्चात नैराश्य नावाचा आजार असू शकतो. तो ओळखण्यासाठी 1987 पासून एडिनबर्ग मापनी आहे, जिच्यात मागील सात दिवसांविषयीचे अवघे दहा प्रश्न असतात. विक्रम पटेल व सहकाऱ्यांच्या 2002 मधील गोव्याच्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी 23 टक्क्यांना नैराश्य होते, आणि गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलगी होणे यांच्याशी त्याचा संबंध दिसला.

वयाचा दाखला न मागताही “लहानपणी कोणाजवळ राहायचीस, रात्री कशाची भीती वाटायची?” असे विचारता येते, आणि आशा कार्यकर्तीने ते सासूला बाहेर बसवून विचारलेच पाहिजे. परंतु उचल फिटलेली नसते; त्यामुळे जो सहावा आठवडा विचारपूस करण्याचा, त्या आठवड्यात हंगाम असेल तर बाळंतीण दुसऱ्या जिल्ह्याच्या फडात मोळ्या बांधत असते, आणि तिचे नाव बहुधा ना गावच्या आशेच्या फेरीत येते, ना कारखान्याकडच्या.