पाल्याची फी

'पाल्याची फी' हे दोन शब्द मराठी घराला फार जुने. जून उजाडला की शाळेकडून येणाऱ्या चिठ्ठीत ते असायचेच, आणि ते वाचून बापाच्या कपाळावर जी आठी पडे ती दिवाळीपर्यंत हलत नसे. आता आमच्या भाषेची गंमत अशी की, 'पाल्य' म्हणजे सांभाळायचे मूल आणि 'पाला' म्हणजे झाडाचा पाला, हे दोन शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत. पण विभक्तीचा प्रत्यय लागला की दोघांचे रूप एकच होते. वर्गात सामान्यरूप शिकवताना मी हे उदाहरण हटकून देतो. मुले हसतात आणि पुढच्या तासापर्यंत विसरतात. मी मात्र गेले काही महिने ज्या पाल्याच्या फीचा विचार करतो आहे, तो शाळेत जाणारा नव्हे. तो आमच्या परसात, आंब्याखाली, रोज सकाळी पडलेला असतो.

विषय निघाला तो इंग्लंडात स्थायिक झालेल्या माझ्या मावसभावामुळे. त्याच्या घरामागे हातरुमालाएवढी हिरवळ आहे. तिची कापणी, वेलींची छाटणी, झडलेली पाने हे सारे उचलून न्यायचे तर तिथली नगरपरिषद वर्षाला वेगळे पैसे घेते. स्वयंपाकघरातला केर फुकट नेणार, बागेतला मात्र पैसे मोजल्यावर! 'अरे, कर भरतो तो भरतोच. वर गवताचेही पैसे?' असे तो फोनवर अशा काही स्वरात म्हणाला की, जणू मीच ते वसूल करणार होतो.

मी त्याचे सांत्वन केले आणि मग निव्वळ कुतूहल म्हणून थोडे वाचले. बागेच्या केराचे पैसे घेण्याची मुभा तिथल्या कायद्याने १९९२ साली दिलेली आहे. बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या शहराने २०१४ मध्ये वर्षाला पस्तीस पौंड आकारायला सुरुवात केली. पुढे २०१८ च्या अखेरीस ही सेवा सगळीकडे फुकट करावी असा विचार सरकारनेच मांडला. चर्चा झाली, आणि शेवटी ज्याने त्याने आपापल्या गावी ठरवावे यावरच तो वाद येऊन थांबला. पैसे घेऊ नका म्हणणारे म्हणतात, पैसे घेतलेत तर लोक पाला रस्त्याकडेला टाकतील नाही तर जाळतील. घ्या म्हणणारे विचारतात, ज्याला बागच नाही त्याने दुसऱ्याच्या बागेचा खर्च का सोसावा? दोन्ही बाजू मला खऱ्या वाटल्या. अशा वेळी शहाणा माणूस वर्तमानपत्र मिटून चहा मागवतो. मला ते जमले नाही, कारण समोर खिडकीतून आमचा आंबा दिसत होता.

त्र्यंबकेश्वरात हा वाद कोणी मांडला तर लोक हसतील, हे मला ठाऊक आहे. २०११ च्या जनगणनेत बारा हजारांच्या आसपास वस्ती असलेले हे गाव. इथे केराची गोष्ट निघाली की ती यात्रेकरूंची निघते: पत्रावळी, द्रोण, पाण्याच्या बाटल्या, नारळाच्या शेंड्या. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी होते, पौषात निवृत्तिनाथांची यात्रा भरते, आणि बारा वर्षांनी सिंहस्थ येतो. एवढ्या केरापुढे एका मराठीच्या प्राध्यापकाच्या परसातला पाला तो काय?

पण आमच्याकडे पाला हा प्रकार साधा नाही. तगरीचे फूल झाडाखाली सुकले तर तो केर. तेच फूल सकाळी देवाच्या मस्तकावर चढले आणि दुसऱ्या दिवशी उतरले, तर ते निर्माल्य. बेलाचे पानही तसेच. निर्माल्याला केर म्हटलेले माझ्या आईला खपत नाही, आणि घंटागाडीत ते टाकायला तिचा हात आजही धजत नाही. 'नदीत सोडून ये,' असे ती म्हणायची. नदी म्हणजे कोणती? तर गोदावरी, जिला इथे जन्मून अजून धड एक कोससुद्धा झालेला नसतो! पुढे तिला चौदाशे पासष्ट किलोमीटर जायचे आहे. नाशिक, पैठण, नांदेड, मग तेलंगण आणि आंध्र करीत समुद्र गाठायचा आहे. इतक्या लांबच्या प्रवासाला निघालेल्या लेकीच्या ओटीत उंबऱ्यावरच शिळी फुले घालायची, हे मला बरे वाटेना. मी निर्माल्य केळीच्या बुंध्याशी ठेवू लागलो. केळही पूज्यच, असे म्हणून आईने ते मान्य केले. निर्माल्याचा निकाल असा लागला. त्यावर कोणी फी बसवू पाहील तर गावात काय होईल याची कल्पना मला करवत नाही, आणि तशी ती बसवूही नये.

राहिला साधा पाला. आमच्या पावसाची कल्पना ज्यांना नाही त्यांना मी काय सांगणार? ढग ब्रह्मगिरीला येऊन टेकले की चार महिने हलत नाहीत. आश्विनात ऊन पडते आणि परसात पाहावे तर परस दिसतच नाही. कमरेएवढा टाकळा, आघाडा, आणि या सगळ्यांवर मात करणारे गाजरगवत. (१९५० च्या दशकात हे गवत पुण्यात पहिल्यांदा नोंदले गेले म्हणतात, पाहुणा म्हणून आले आणि घरमालक झाले.) दिवाळीच्या तोंडावर सारे गाव एकाच आठवड्यात विळे-कोयते काढते. दोन गडी अर्धा दिवस लावले की आमच्या दारात पुरुषभर उंचीचा ढीग उभा राहतो.

मागच्या दिवाळीत मी तो घंटागाडीवाल्या मुलाला दाखवला. त्याने ढिगाकडे पाहिले, गाडीकडे पाहिले, आणि अगदी नम्रपणे विचारले, 'सर, हे घेतलं तर पुढच्या आळीचा केर कशात टाकू?'

या एका प्रश्नात सारा हिशेब आहे. पाला वजनाला हलका, पण जागा अडवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. फांद्यांनी गाडी शिगोशीग भरते तेव्हा तिच्यात वजन असे फार नसते. असतात त्या मधल्या पोकळ्या. नगरपरिषद डिझेल जाळून, माणसे लावून त्या पोकळ्या गावाबाहेर वाहून नेणार, आणि त्या गेल्याने ज्याचा डबा दारात कुजत राहणार तो कोण? आमच्या वाड्यामागे दोन-दोन खोल्यांत बिऱ्हाडे आहेत. कोणी देवळाच्या वाटेवर बेलफुलांच्या परड्या विकते, कोणी यात्रेकरूंच्या खोल्या झाडते. त्यांना ना अंगण, ना आंबा. त्यांचा दिवसाचा केर एका डब्यात मावतो. माझ्या आंब्याची पाने त्यांच्या पैशांनी गावाबाहेर जावीत, हे कोणत्या न्यायाने?

केंद्र सरकारने २०१६ साली घनकचऱ्याचे जे नियम केले, त्यांत हे स्पष्ट लिहिले गेले होते: बागेचा केर ज्याचा त्याने आपल्याच आवारात वेगळा ठेवावा, स्थानिक संस्था सांगेल तसा त्याचा निकाल लावावा, आणि केर करणाऱ्या प्रत्येकाने उपविधीत ठरेल ते शुल्क द्यावे. पुण्यात तर २००८ पासून कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघर केर उचलत आली, आणि घरे त्यांना महिन्याला पैसे देत आली. केराचे पैसे द्यायचे असतात ही गोष्ट महाराष्ट्राला अगदीच परकी नाही.

मी हे सारे जेवताना मोठ्या उत्साहाने सांगितले. सौ.ने आमटी वाढता वाढता ऐकून घेतले आणि म्हणाली, 'म्हणजे सावली सगळ्या गल्लीला फुकट, आणि पाल्याचे पैसे तेवढे आपण द्यायचे?'

हा मुद्दा माझ्या मावसभावालाही सुचला नव्हता. वैशाखात आमच्या भिंतीबाहेर त्या आंब्याखाली रिक्षा उभ्या असतात, परड्यावाल्या बायका दुपारी तिथेच टेकतात. गावातली परसे एकेक करून नाहीशी होत आहेत. कुठे यात्रेकरूंसाठी खोल्या उठल्या, कुठे पेव्हर ब्लॉक बसवून गाड्या लावायला जागा झाली. फरशीला पाने झडत नाहीत. उलट तिच्यावर गाडी लावली की रोजचे पैसे येतात. अशा गावात, झाड ठेवणाऱ्याने वर्षाला पैसे भरावेत आणि तोडणाऱ्याने मोकळे व्हावे, असा नियम झाला तर पुढल्या दिवाळीला ढीग खरोखरच दिसणार नाही. सौ.ने अर्थशास्त्र शिकलेले नाही, पण भाजी ती घेते, मी नाही.

जाळावा म्हटले तर तोही मार्ग बंद, आणि तो बंद आहे हे चांगलेच आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर केर जाळणाऱ्याला पाच हजारांचा, आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला पंचवीस हजारांचा दंड सांगितला. ओल्या पाल्याचा धूर आमच्या गावात डोंगरामुळे लवकर वर जात नाही. तो आळीतच घुटमळतो आणि म्हाताऱ्यांच्या छातीत शिरतो.

मराठी कवींनी पाचोळ्यावर उसासे पुष्कळ टाकले. तो उचलायचा कोणी, हा प्रश्न त्यांना फारसा पडलेला दिसत नाही. मला त्याचे उत्तर ज्यांनी दिले ते कवी नव्हेत. डोंगरापलीकडच्या पाड्यावरून एक म्हातारेबाबा लाकूडफाट्याच्या कामाला आमच्याकडे येतात. गेल्या माघात पानगळ चालू असताना ते परसात उभे राहून म्हणाले, 'मास्तर, हा एवढा पाला टाकता कशापायी? आमच्याकडं राबाला व्हईल.'

राब म्हणजे काय हे शहरी वाचकाला सांगायला हवे. त्र्यंबक-हरसूलकडे, इगतपुरीकडे आणि घाटाखाली कोकणात भात-नागलीचे रोप लावायचे तर आधी जमिनीचा एक तुकडा भाजून घेतात. शेण, पाला, वाळल्या फांद्या, गवत यांचे थर रचतात, वरून माती पसरतात आणि पावसाआधी तो पेटवून देतात. आचेने तणाचे बी मरते, राखेचे खत होते, आणि मग त्यात टाकलेले बी जोमाने वर येते. या राबासाठी बायामाणसे डोक्यावर पाल्याचे भारे घेऊन कोसकोस चालतात. एके काळी यावरून सरकारात केवढे रण माजले होते! जंगलखात्याने फांद्या छाटण्यावर बंधने आणली तेव्हा ठाणे-कुलाब्यातल्या रयतेने ओरड केली, आणि १८८५ साली मुंबई सरकारला एक कमिशन नेमावे लागले. पाला कोणी घ्यावा यावर त्या काळी कागदांचे गठ्ठे झाले. आज पाला कोणी न्यावा यावर होताहेत.

राबाचाही धूर होतोच, आणि शेतीखात्याची माणसे तो कमी करायला सांगतात, हे मी विसरलेलो नाही. पण ज्या वस्तूसाठी दोन कोसांवर म्हातारी बाई डोक्यावर भारा घेते, तीच वस्तू गावातून काढून टाकायला नगरपरिषदेने गाडी पाठवावी आणि तिचे पैसे कोणी द्यायचे यावर आम्ही भांडावे, याला काही अर्थ आहे का?

तेव्हा माझे मत असे बनले आहे. बागेच्या केराचे पैसे घ्यावेत. पण घरामागे नव्हे, आणि वर्षाचे सरसकट तर मुळीच नव्हे. जो गाडी बोलावील त्याच्याकडून खेपेमागे घ्यावेत. जो परसाच्या कोपऱ्यात खड्डा करून पाला जिरवील त्याच्याकडून पैही घेऊ नये. उलट झाड राखल्याबद्दल घरपट्टीत त्याला चार रुपयांची सूट मिळाली तर सौ.चीही तक्रार राहणार नाही. आश्विनातला हिरवा केर शेणकाल्याबरोबर चार-सहा महिन्यांत मातीला मिळतो. आंब्याचे वाळके पान मात्र चिवट. ते वर्ष घेते, आणि त्याच्यासाठी ज्यांना ते हवे आहे त्यांना शोधले पाहिजे. फी लागली म्हणून काही लोक रात्री नाल्यात पाला ढकलतील, हे मला दिसते. पण आज गाडी फुकट दारी येत असताना ढकलणारे ढकलतातच. त्यांच्यासाठी नाल्यावर डोळा ठेवावा लागेल, आणि ते काम फुकटच्या गाडीने होण्यासारखे नाही. पावसाळ्यात एक फांदी मोरीत अडकली तर आळीत पाणी कुठवर चढते ते आम्ही सगळ्यांनी पाहिलेले आहे.

फाल्गुनात बाबांनी एक टेम्पो आणला. भाडे कोणी द्यायचे यावर थोडी घासाघीस झाली. ते म्हणाले, 'पाला तुमचा'. मी म्हणालो, 'राब तुमचा'. शेवटी निम्मे-निम्मे ठरले. आंब्याचा, फणसाचा सगळा पाला त्यांनी दाबून भरला, वर दोर आवळला. कण्हेरीची छाटणी तेवढी मागे ठेवली. टेम्पो जिथे रिकामा व्हायचा तिथे गुरे असतात, आणि चुकून एखाद्या वासराने तोंड लावले तर ते जगायचे नाही, असे ते म्हणाले. ती अजून मागच्या भिंतीशी पडून आहे. तिच्यासाठी कोणी गाडी घेऊन आले, तर पैसे मी काढून ठेवले आहेत.