दुसरा प्रश्न

'उमेदवार' हा शब्द मराठीने फारसीकडून घेतला आणि त्याच्या पोटातली 'उमेद' पुढे विसरली. आज उमेदवार म्हटले की अर्ज, गुणपत्रिका आणि बंद दारासमोर मांडलेल्या खुर्च्यांची रांग एवढेच डोळ्यांपुढे येते. 'मुलाखत' या शब्दाचेही फारसे वेगळे झालेले नाही. मूळ अरबी शब्दाचा अर्थ केवळ भेट; नोकरीच्या व्यवहारात तिला परीक्षेचा अर्थ चिकटला. म्हैसूरसारख्या शहरात, जेथे मराठी घराचा उंबरा ओलांडताच कन्नड सुरू होते, तेथे याच प्रसंगाला 'संदर्शन' म्हणतात. एका भाषेने भेटण्याची अपेक्षा बाळगली, दुसरीने नीट पाहण्याची. बंद दारापलीकडे या दोहोंपैकी काय घडते, हे त्या खुर्च्यांवर बसून आलेल्यांनाच ठाऊक असते.

म्हैसूरमधील एका व्यवस्थापन महाविद्यालयात गुंतवणुकीचा व्यवसाय करणारी एक कंपनी उमेदवार निवडण्यासाठी आली, त्या दिवशी अशा रांगेत दोन मराठी भाषक बसले होते. एक होती म्हैसूरचीच मुलगी. तिचे घराणे भावसार, पिढ्यान्‌पिढ्या कर्नाटकात राहिलेले. घरात बोलली जाणारी मराठी पुण्या-मुंबईच्या कानाला जुनी आणि कन्नडात मुरलेली वाटावी अशी. वडील शिंपीकाम करणारे. दुसरा सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातून शिकायला आलेला मुलगा. त्याच्या मराठीला दुष्काळी मातीचा कोरडेपणा होता, आणि तो बोलतही बेताचाच असे.

मुलीच्या अंगावरील कोट वडिलांनी आदल्या रात्री शिवून पुरा केला होता. इंग्रजीत गुंतवणुकीसाठी जो शब्द रूढ आहे, त्याचे लॅटिन मूळ वस्त्र नेसवण्याच्या क्रियेत आहे, हे त्या शिंप्याला माहीत असण्याचे कारण नव्हते. मराठी शब्दाचे मूळ मात्र त्याच्या अंगवळणी पडलेले होते. गुंतवणूक म्हणजे गुंतणे. पैशाबरोबर माणसानेही अडकणे. मुलीच्या शिक्षणासाठी तो कित्येक वर्षे असा गुंतलेला होता.

या शहरात नोकरीच्या दारासमोरची रांग नवी नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकून १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात शिरलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुढे म्हैसूर संस्थानचे दिवाण झाले. त्यांच्या कारकिर्दीत, १९१३ साली, बँक ऑफ म्हैसूर स्थापन झाली आणि १९१६ साली विद्यापीठ. शिक्षण आणि पत या दोन्ही गोष्टींची दारे उघडली गेली, आणि लगोलग विचारले जाऊ लागले की या दारांतून आत कोण जातो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ सालीच संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या होत्या. म्हैसुरात १९१८ साली सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली ब्राह्मणेतरांच्या प्रतिनिधित्वाचा विचार करणारी समिती नेमली गेली. विश्वेश्वरय्यांना गुणवत्तेच्या कसोटीत तडजोड मान्य नव्हती. त्यांनी दिवाणपद सोडले, त्यामागे हा मतभेद प्रामुख्याने सांगितला जातो. त्या वादात दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसे सामान्य नव्हती. गुणवत्ता हवी, याविषयी मतभेद नव्हताच. ती ओळखायची कशी आणि ओळखणाऱ्याच्या डोळ्यावर कोणता चष्मा आहे, हा वाद होता. तो अद्याप मिटलेला नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांसाठीच्या मुलाखती बंद केल्या, त्यामागेही हाच अविश्वास होता: समोरासमोरच्या त्या थोड्या मिनिटांत वशिला, भाषा आणि पेहराव यांनाच अधिक गुण पडतात, ही सार्वत्रिक भीती. बँक ऑफ म्हैसूर पुढे स्टेट बँक ऑफ म्हैसूर झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. पण खासगी गुंतवणूक कंपन्यांच्या दारासमोरची रांग वाढतच राहिली. तेथे मुलाखत बंद झाली नाही. एकीच्या तीन-चार झाल्या.

अशा कंपन्यांचे पहिले प्रश्न आता सर्वांना पाठ असतात. स्वतःविषयी सांगा, तुमच्यातील उणीव कोणती, पाच वर्षांनी तुम्ही कोठे असाल. त्यांची उत्तरे शिकवणीवर्गात मिळतात, आणि पैसे मोजून घेतलेल्या इतर वस्तूंप्रमाणे ती एकसारखी असतात. उणीव विचारली की उमेदवार सांगतो, मला कामात अतिपरिपूर्णतेचा सोस आहे. ऐकणाऱ्याला हे खोटे आहे हे कळते. बोलणाऱ्याला ते त्याला कळले आहे हेही कळते. आणि तरीही दोघे गंभीर चेहऱ्याने पुढे जातात.

जतच्या मुलाला विचारले गेले ते कोडे होते. नाणे एकदाच उडवायचे. छापा पडला तर दोन लाख रुपये मिळतील. काटा पडला तर एक लाख द्यावे लागतील. खेळाल का? गणित सोपे आहे. दोन्ही शक्यता सारख्या असल्याने सरासरी लाभ पन्नास हजारांचा येतो. मुलाने तो मनात काढलाही. मग तो म्हणाला, "नाही." प्रश्नकर्त्याने कागदावर काही लिहिले आणि पुढचे कोडे वाचले.

वास्तविक त्या एका शब्दात अर्थशास्त्राचा मोठा विषय सामावलेला होता. डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात असेच एक उदाहरण आहे. एखाद्या दरिद्री माणसाच्या हाती सोडतीचे असे तिकीट आले की त्यावर वीस हजार मोहरा मिळतील किंवा काहीच मिळणार नाही, आणि दोन्ही शक्यता समान आहेत. सरासरीने तिकिटाची किंमत दहा हजार ठरते. तरीही त्याने ते नऊ हजारांना विकले तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. उलट श्रीमंताने ते नऊ हजारांना घ्यायचे नाकारले तर ते शहाणपणाचे ठरणार नाही. पैशाचे मोल आकड्यावर ठरत नाही, तो कोणाच्या खिशातून जातो यावर ठरते, हे बर्नुलीने गणिताने दाखवले. जोखमीचा विचार करणाऱ्या आधुनिक शास्त्राचा एक पाया या विचारावर उभा आहे. गुंतवणूक कंपनीच्या खोलीत त्याच विचाराचे टोक एका विद्यार्थ्याच्या तोंडून बाहेर आले होते. "का?" एवढे विचारले असते तर ते सापडले असते.

मुलाने आपण होऊन का सांगितले नाही, असा आक्षेप घेता येईल आणि तो अगदीच निराधार नाही. अशा खोलीत विचार मोठ्याने करायचा असतो, हा तेथील अलिखित नियम आहे. परंतु ज्या घरांत वडीलधाऱ्यांपुढे विचारल्याखेरीज बोलू नये असे शिकवले जाते, तेथील मुलाला हा नियम सांगणार कोण? त्याचे मौन हा त्याच्या संस्काराचा भाग होता. कागदावर त्याची नोंद अज्ञान म्हणून झाली असणे शक्य आहे.

मुलीच्या वाट्याला आलेला पहिला प्रश्नही ठरीव होता: तुम्ही पत्करलेल्या एखाद्या जोखमीविषयी सांगा. तिने महाविद्यालयीन महोत्सवाच्या वर्गणीची एक सफाईदार हकीकत घोकून ठेवली होती. आयत्या वेळी तिच्या तोंडून निराळेच निघाले. तिच्या वडिलांनी एका वर्षी शाळा सुरू होण्यापूर्वी गणवेशाचे चारशे मीटर कापड उधारीवर उचलले, आणि शाळेने ऐनवेळी गणवेशाचा रंग बदलला. ते निळे कापड दोन वर्षे घरात पडून होते. त्याच्या पिशव्या झाल्या, अस्तरे झाली, आणि देणे फिटेपर्यंत घरात नवे काही आले नाही.

समोरच्या बाईंनी हातातील कागद बाजूला ठेवला. शाळेची मागणी लेखी होती का? व्यापारी कापड परत घ्यायला तयार होता का? दुसरी किती गिऱ्हाइके होती? मुलगी उत्तरे देत गेली आणि देता देता तिला स्वतःलाच काही उमगत गेले. शेवटी विचारले गेले, आज तोच निर्णय तुम्हाला घ्यावा लागला तर? ती म्हणाली, "कापड घेणं चुकलं नव्हतं. सगळं कापड एकाच शाळेच्या भरवशावर घेणं चुकलं." भांडवल एकाच ठिकाणी गुंतवू नये, हे सूत्र तिने पुस्तकात वाचले होते, त्या खोलीत ते तिला प्रथमच आपले वाटले. तेवढी पाच-सात मिनिटे मुलाखत या शब्दाला त्याचा जुना अर्थ परत मिळाला होता.

म्हैसूरचे रहिवासी असलेल्या आर. के. नारायण यांच्या 'द फायनान्शियल एक्स्पर्ट' या १९५२ सालच्या कादंबरीतील मार्गय्या या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. सहकारी बँकेसमोरच्या वडाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसणारा, खेडुतांना कर्जाचे अर्ज भरून देणारा हा माणूस बँकेच्या एकाही मुलाखतीत टिकला नसता. बँकेचा सचिव तर त्याला तेथून हुसकावू पाहतो. आणि तरी गिऱ्हाइकाची गरज आणि पत यांची त्याला जी जाण होती, ती आतल्या खुर्च्यांवर नव्हती. त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणून मात्र थांबता येत नाही. पुढे हाच मार्गय्या वीस टक्के व्याजाचे आमिष दाखवून लोकांच्या ठेवी घेतो, आणि गाव रांगा लावून पैसे आणून देते. इतके व्याज तू आणणार कोठून, असे त्याला कोणी विचारीत नाही. वडाखालच्या मार्गय्याला सचिवाने काही न विचारता झिडकारले. पैसेवाल्या मार्गय्यावर गावाने काही न विचारता विश्वास टाकला. दोन्ही वेळा उणीव एकच होती.

पहिला प्रश्न कोणालाही विचारता येतो. तो छापील असू शकतो. दुसरा प्रश्न उत्तर ऐकल्याशिवाय सुचत नाही. मुलाखतीतील न्याय असेल तर तो या दुसऱ्या प्रश्नात असतो. तो विचारायला वेळ लागतो, आणि बाहेर रांग मोठी असते, हे खरे. पण तो विचारायचाच नसेल, तर सरकारने जे केले तेच अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल.

संध्याकाळी निकाल लागला. मुलीचे नाव पुढच्या फेरीच्या यादीत होते, मुलाचे नव्हते. दोघे कुक्करहळ्ळी तलावाच्या काठी जाऊन बसले. फिरायला आलेली माणसे समोरून जात होती. मुलीने कोट काढून, घडी करून मांडीवर ठेवला. नाण्याचे कोडे तिने ऐकून घेतले, आणि थोड्या वेळाने विचारले, "का रे नाही म्हणालास?"

"ते लाख रुपये माझ्याकडं कुठं होते?" तो म्हणाला. "काटा पडला असता तर आप्पांनी बाग विकली असती." मग त्याने द्राक्षबागेवरच्या कर्जाचे सांगितले, टँकरच्या पाण्याचे सांगितले, एका अवकाळी पावसाने एका रात्रीत काय होते तेही सांगितले. दिवसभर एका शब्दावर थांबलेला तो मुलगा अंधार पडेपर्यंत बोलत होता, आणि तिने त्याला मध्ये कोठेही तोडले नाही.