बरोबरी

देवपुरात राहून आम्ही मराठी शिकवली, आणि शिकवण्याच्या सर्व वर्षांत संदिग्धता हा शब्द नेहमी कौतुकानेच उच्चारला. एम्पसनने १९३० साली संदिग्धतेचे सात प्रकार सांगितले तेव्हापासून जगभरचे साहित्याचे अध्यापक या शब्दावर उपजीविका करीत आले आहेत. त्यात आमचाही वाटा आहे. कवितेची ओळ दोन अंगांनी उलगडली की वर्गाला आनंद होतो, आम्हाला त्याहून अधिक होतो. ओळीमुळे कोणाचे काही जात नाही. मात्र एका ओळीमुळे सोळा मुलींचे काही गेले, आणि ती ओळ कवितेची नव्हती.

२००९ सालच्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाने मुलींची निमंत्रितांची आंतरमहाविद्यालयीन हॉकी स्पर्धा भरवली. चार-चार संघांचे दोन गट, प्रत्येक गटातले पहिले दोन संघ उपांत्य फेरीत, आणि तिथे एका गटातला पहिला विरुद्ध दुसऱ्या गटातला दुसरा. मैदान मातीचे. सकाळी पांझरेच्या मोठ्या पुलावरून गाड्या येत, मुली उतरत आणि आधी दगड वेचून बाजूला टाकत. आमचा या खेळाशी संबंध शून्य. तरी संयोजन समितीत आमचे नाव होते, कारण समितीत प्रत्येक विभागाचा एक माणूस असावा असा दंडक होता आणि भाषा विभागातले बाकीचे सर्व चतुर होते. आमच्याकडे काम आले ते नियमांच्या पत्रकाचे शुद्धलेखन तपासण्याचे. ते आम्ही मन लावून केले. तीन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, एक अनुस्वार उडवला, 'आपसातील' की 'आपापसांतील' यावर क्रीडा संचालकांना दहा मिनिटे व्याख्यान दिले. ज्या धुळ्यात ज्ञानेश्वरीतील भाषेचे व्याकरण लिहिणारे राजवाडे १९२६ साली वारले, त्या गावात एवढा अधिकार व्याकरणाच्या मास्तराला असावा असे आम्हाला वाटे.

त्या पत्रकातला नववा नियम असा होता: गुण समान झाल्यास संबंधित संघांच्या आपसातील सामन्यांतील गुण, त्यानंतर गोलफरक, त्यानंतर केलेले गोल या क्रमाने स्थान ठरवावे. आम्ही त्यातला एक स्वल्पविराम हलवला होता. बाकी वाक्य आम्हाला निर्दोष वाटले.

गटातल्या संघांची नावे आम्ही घेणार नाही. जर्सीच्या रंगांवर भागेल. हिरवा संघ तिन्ही सामने हरला. उरलेल्या तिघांनी एकमेकांना गोल फिरवले: लालने निळ्याला २-१ हरवले, निळ्याने पिवळ्याला ३-१, आणि पिवळ्याने लालला १-०. हिरव्याविरुद्ध लाल २-०, निळा १-०, पिवळा ६-०. विजयाला तीन गुण, तिघांचेही सहा. पिवळ्याचे सहा गोल शेवटच्या दुपारी झाले. त्यांचे प्रशिक्षक बाजूच्या रेषेवरून ओरडत होते, "आणखी एक, आणखी एक!" आम्हाला तो हावरटपणा वाटला. वस्तुतः त्यांनी नववा नियम वाचला होता आणि गोलफरक सर्व सामन्यांचा धरला जाईल असे समजून ते मुलींना पळवत होते. निळ्या संघाने हिरव्याशी एक गोल झाल्यावर पाय आखडते घेतले होते. त्यांनी तोच नियम वेगळा वाचला असावा.

साडेचारच्या सुमारास क्रीडा संचालक पत्रक घेऊन आमच्या खुर्चीपाशी आले. "सर, हे वाक्य तुमचं. काय अर्थ होतो ते सांगा." भोवती तिन्ही संघांचे लोक. आम्ही चष्मा पुसला, वाक्य दोनदा मोठ्याने वाचले आणि व्याकरण सांगितले. 'आपसातील सामन्यांतील' हे विशेषण यादीच्या आरंभी आहे, म्हणून ते गुण, गोलफरक आणि गोल या तिन्हींना लागते. हिरव्याविरुद्धचे गोल त्यामुळे बाद. तिघांच्या आपसातल्या सामन्यांत प्रत्येकाचे तीन गुण. गोलफरक निळ्याचा अधिक एक, लालचा शून्य, पिवळ्याचा उणे एक. 'या क्रमाने' म्हणजे वरून खाली, एकदा. निळा पहिला, लाल दुसरा. हे सांगायला आम्हाला पाच मिनिटे लागली आणि बोलताना आपण फार स्वच्छ बोलतो आहोत अशी जाणीवही सुखावत होती.

पिवळ्या संघाची कर्णधार पुढे आली. मैदानावर ती सोबतच्या मुलींशी अहिराणीत बोलत असे, ते आम्ही तीन दिवस ऐकत होतो. आमच्याशी ती पुस्तकातल्या मराठीत बोलली. "सर, निळा संघ पहिला, मान्य. मग राहिलो आम्ही आणि लाल. आम्ही लाल संघाला हरवलं आहे ना?"

आम्ही म्हणालो, नियमात 'पुन्हा' हा शब्द नाही.

लाल जर्सी आमच्याच महाविद्यालयाची होती, हे इथवर सांगायचे आम्ही लांबवले. त्या वेळी ते आमच्या मनात होते का? आजही प्रामाणिक उत्तर देता येत नाही. एवढे खरे की ते आमच्या मनात नव्हते असे आम्ही त्या संध्याकाळी घरी जाईपर्यंत स्वतःला अनेकदा बजावले, आणि नसलेल्या गोष्टीबद्दल माणूस एवढे बजावत नाही. लाल संघ दुसऱ्या दिवशी उपांत्य सामन्यात चार गोलांनी हरला. त्याने आमचे ओझे हलके होण्याऐवजी वाढले.

त्या रात्री जेवणानंतर वहीच्या पाठकोऱ्या कागदावर आम्ही ते वाक्य पुन्हा मांडले. विशेषण तिन्ही नामांना लागते की फक्त पहिल्याला, हा एक प्रश्न. आणि तिघांतला एक वेगळा निघाल्यावर उरलेल्या दोघांसाठी क्रम पहिल्यापासून लावायचा की तसाच पुढे न्यायचा, हा दुसरा. दोन प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरे, म्हणजे चार वाचने. गोलफरक सर्व सामन्यांचा धरला तर पिवळा अधिक पाच म्हणून पहिला, लाल आणि निळा अधिक दोनवर बरोबर. क्रम पुढे नेला तर निळ्याचे गोल पाच, लालचे चार, म्हणून निळा दुसरा. क्रम पहिल्यापासून लावला तर लालने निळ्याला हरवले होते, म्हणून लाल दुसरा. गोलफरक आपसातला धरला तर निळा पहिला. पुढे नेला तर लाल दुसरा, पहिल्यापासून लावला तर पिवळा. चार वाचनांपैकी तीनांत पिवळा संघ उपांत्य फेरीत जात होता. तो ज्या एकाच वाचनात बाहेर पडत होता, ते आम्ही निवडले होते.

मराठी व्याकरण या चारांपैकी एकालाही चूक म्हणत नाही. हीच आमची अडचण आहे.

पुढे आम्हाला असे नियम वाचण्याची खोडच लागली. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या स्पर्धांत गुण समान झाले की आधी जिंकलेले सामने, मग सर्व सामन्यांतला गोलफरक, मग केलेले गोल, आणि त्यानंतर कुठे आपसातला निकाल. त्या हिशेबाने देवपुरात पिवळा पहिला, निळा दुसरा आणि आमचा लाल घरी. युरोपीय फुटबॉल महासंघाच्या अजिंक्यपद स्पर्धेत आपसातले सामने आधी, आणि काही संघ तरीही बरोबरीत राहिले तर तेवढ्याच संघांसाठी तेच निकष पुन्हा लावावेत असे नियमात शब्दांनी लिहिले आहे. तो 'पुन्हा' वाचताना आम्हाला कानकोंडे झाले. कोणीतरी, कुठेतरी, त्या मुलीचा प्रश्न सामन्याआधी स्वतःला विचारून ठेवला होता. गोलफरकाची झळ भारतीय हॉकीलाही ठाऊक आहे: १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीशी गोलशून्य बरोबरी झाली, गुणही बरोबरीचे राहिले, आणि गोलफरकाने जर्मन उपांत्य फेरीत गेले.

या दोन क्रमांमध्ये गणित वेगळे आहे असे वरवर वाटते. आमच्या मते खेळाविषयीचे मत वेगळे आहे. सर्व गोल मोजणारा नियम म्हणतो की दुबळ्याशी खेळतानाही जीव तोडून खेळा. आपसातले सामने मोजणारा म्हणतो की बरोबरीच्याशी काय केलेत ते सांगा, दुबळ्याला झोडपण्यात काय आहे. दोन्ही मते आदरणीय आहेत. परंतु संघ नियमाप्रमाणे धावतात. पिवळ्या मुली भर उन्हात सहा गोलांसाठी धावल्या त्या एका मतासाठी, आणि आम्ही संध्याकाळी दुसरे मत जाहीर केले.

नियम खेळाचे रूप कसे ठरवतो याचे ठळक उदाहरण आपल्याकडे रणजी करंडकात आहे. बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढे जातो. २०२५ च्या फेब्रुवारीत पुण्याजवळच्या गहुंजे येथे जम्मू-काश्मीरच्या २८० धावांपुढे केरळची अवस्था ९ बाद २०० होती. शेवटच्या जोडीने ८१ धावा केल्या, डाव २८१ वर संपला. एका धावेची आघाडी. मग ३९९ धावांच्या लक्ष्यापुढे केरळने पाठलाग केलाच नाही. ६ बाद २९५ वर ते टिकून राहिले आणि उपांत्य फेरीत गेले. तिथे गुजरातविरुद्ध ४५७ ला ४५५. दोन धावा. अंतिम सामन्यात नागपूरजवळ जामठ्याला विदर्भाने ३७९ केल्या, केरळने ३४२, आणि आता तोच नियम उलटा फिरला: विदर्भ दुसऱ्या डावात ९ बाद ३७५ पर्यंत खेळत राहिला, सामना अनिर्णित, करंडक विदर्भाचा. कोणी म्हणेल, हे कसले क्रिकेट. आम्ही तसे म्हणणार नाही. पहिल्या डावातली ती एक धाव किती मोलाची आहे हे दोन्ही संघांना पहिला चेंडू पडण्यापूर्वी ठाऊक होते. जम्मू-काश्मीरच्या खेळाडूंना हळहळ वाटली असेल. फसवणूक वाटण्याचे कारण नव्हते.

बरोबरी कशी सोडवावी हा प्रश्न आमच्या शास्त्रालाही नवा नाही, हे आम्हाला फार उशिरा सुचले. अष्टाध्यायीत दोन तुल्यबळ सूत्रे एकाच जागी लागू होऊ लागली तर काय करावे यासाठी पाणिनीने एक सूत्र ठेवले आहे (१.४.२): त्यांतले 'पर' ते लावावे. परंपरेने 'पर' म्हणजे सूत्रक्रमात नंतरचे असा अर्थ केला. तो सर्वत्र जमेना म्हणून वैयाकरणांनी अपवादांची आणि परिभाषांची मोठी इमारत उभारली. २०२२ साली केंब्रिज विद्यापीठातील प्रबंधात ऋषी राजपोपट यांनी 'पर' म्हणजे शब्दातल्या उजवीकडच्या घटकाला लागणारे सूत्र असा अर्थ मांडला, आणि त्यावर विद्वानांनी आक्षेपही घेतले. कोण बरोबर हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. आमचे लक्ष खिळले ते दुसऱ्याच गोष्टीवर: बरोबरी सोडवणाऱ्या सूत्रातल्याच एका शब्दाचे दोन अर्थ, आणि तेही पाणिनीच्या हातून. आम्ही तर स्वल्पविराम हलवणारे.

तरी यात आम्ही सवलत घेत नाही. 'पर' चा अर्थ लावणाऱ्यासमोर सिद्ध रूप आधीच असते. अर्थ चुकला तर रूपच सांगते. आमच्यासमोर रूप नव्हते, तीन संघ होते, आणि निकाल कळल्यावर आम्ही अर्थ लावायला बसलो. त्या क्षणी चारांपैकी कोणतेही वाचन केले असते तरी ते कोणाच्या तरी बाजूचेच झाले असते. वाक्य वाचण्याची खरी वेळ पंधरा दिवस आधीची होती. तेव्हा ते आमच्या हातात होते, आणि आम्ही अनुस्वार उडवत होतो.

पुढच्या हिवाळ्यात क्रीडा संचालकांनी पत्रक पुन्हा आमच्याकडे धाडले. सोबत चिठ्ठी: "सर, शुद्धलेखनापुरतं बघा." आम्ही नवव्या नियमाची दोन वाक्ये केली. गुण, गोलफरक आणि गोल हे तिन्ही आपसातील सामन्यांतीलच मोजावेत, हे पहिले. कोणताही संघ वेगळा झाल्यास उरलेल्या संघांसाठी हा क्रम पुन्हा पहिल्यापासून लावावा, हे दुसरे. वाक्ये तपासायला आकडे हवे होते. कागदावर लाल, निळा, पिवळा असे तीन रकाने आखले आणि गेल्या वर्षीचेच सामने घातले. उत्तर आले: निळा, पिवळा.

त्या वर्षी, आणि आम्ही निवृत्त होईपर्यंत कोणत्याही वर्षी, कोणत्याही गटात तीन संघ बरोबरीत आले नाहीत.