नऊ टोले पडले, म्हणजे पुरुष गेला!

हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवतच नाहीये! डोरोथी सेयर्स यांची 'द नाईन टेलर्स' ही 1934 सालची रहस्यकथा हातात पडली. नावात नऊ शिंपी, पण सुई-दोऱ्याशी कथेचा काडीचा संबंध नाही. हे टेलर म्हणजे चर्चच्या घंटेचे टोले! गावात कुणी गेलं की इंग्लंडमधल्या खेड्यांत आधी ठरावीक टोले पडत. त्यांना 'टेलर' म्हणजे 'सांगणारे' म्हणत आणि त्याचंच बोलता बोलता शिंपी झालं, असं मानतात. अनेक गावांत पुरुषासाठी तीन-तीनचे तीन मिळून नऊ टोले, बाईसाठी सहा आणि मुलासाठी तीन अशी रीत होती. मग जरा थांबून वयाच्या प्रत्येक वर्षाला एकेक टोला. शेतात नांगर धरलेला माणूस जागच्या जागी मोजायचा : नऊ... म्हणजे पुरुष. पुढे त्र्याहत्तर... म्हणजे अमुकच आजोबा! ना निरोप्या, ना पाटी, सगळ्या गावाला खबर.

मग काय, मी या शब्दांच्या मागेच लागलो. मृत्यूच्या घंटानादाला इंग्रजीत 'नेल' म्हणतात. लिहिताना आधी एक मुका 'के' लावायचा. तो आज मुका असला, तरी जुन्या इंग्रजीत शब्द होता 'क्निल' आणि 'क' ठणठणीत उच्चारला जायचा. एकदा मोठ्याने म्हणून पाहा, धातूवर आघात झाल्याचं ऐकू येतं की नाही? धडाक्याला जर्मनमध्ये 'क्नाल' म्हणतात, तो याच कुळातला. आणि गंमत म्हणजे मुळात या शब्दात मरण नव्हतंच! कुठलीही घंटा वाजली तरी क्निलच. मरणाची सावली नंतर पडली.

'टोल'ची कथा आणखी न्यारी. आपल्याकडे घड्याळाचे टोले पडतात, पण तिकडच्या या 'टोल'चं मूळ बहुधा 'ओढणे' असं आहे, म्हणजे घंटेचा दोर ओढणे. (टोलनाक्यावरचा टोल वेगळा, त्याचा राग इथे काढू नका.) आणि आपण रोज वापरतो तो 'कर्फ्यू'? तीही एक घंटाच! 'चूल झाका' अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आलेली, रात्री विस्तव झाकायला सांगणारी घंटा.

पण मी खरा उडालो तो जॉन डनपाशी. ज्याच्यावरून हेमिंग्वेने 1940च्या कादंबरीचं नाव घेतलं, तो घंटेचा उतारा जगप्रसिद्ध आहे. डन हा लंडनच्या सेंट पॉल्स कथीड्रलचा डीन. 1623 साली तो जीवघेण्या आजारात पडला आणि अंथरुणावर सुचलेलं चिंतन पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने छापलं. आता 1604चा चर्चचा नियम पाहा. माणूस शेवटच्या घटका मोजत असताना घंटेचे टोले द्यायचे, म्हणजे धर्मगुरू त्याच्याकडे धावेल. प्राण गेल्यावर छोटासा घंटानाद एकदाच, दफनाआधी एकदा आणि दफनानंतर एकदा. म्हणजे पहिली घंटा जिवंत माणसासाठी! हे डोक्यात ठेवून डन वाचला आणि अंगावर काटा आला. सतराव्या प्रकरणात शेजारच्या चर्चची घंटा हळूहळू टोले देते आहे : कुणीतरी जातंय. अठराव्यात ती खणखणून वाजते : गेला! भिंतीपलीकडचा एक अनोळखी माणूस दोन प्रकरणांच्या मध्ये मरतो आणि आजारी डनला ते नुसतं ऐकून कळतं. एकटा सतरावा उतारा सुभाषितासारखा मिरवणाऱ्यांनी त्यातलं नाट्यच घालवलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं इतिहासजमा झालं, असंही नाही. 19 सप्टेंबर 2022ला राणी एलिझाबेथच्या अंत्यविधीआधी वेस्टमिन्स्टर अॅबीची घंटा मिनिटाला एक याप्रमाणे 96 वेळा वाजली. वर्षाला एक टोला!

आणि शोकाच्या घंटांचा तो दबका पडसाद साधतात कसा, तर घंटेच्या लोळीला एका बाजूने चामड्याची गादी बांधतात. अशा घंटेला 'हाफ-मफल्ड' म्हणतात. तिकडची घंटा तोंड वर करून उभी असते आणि दोर ओढला की पुरता फेरा घेते. एका फेऱ्याला लोळी उघड्या बाजूने आदळते, तेव्हा खणखणीत टोला. परतीच्या फेऱ्याला गादीची बाजू लागते आणि तोच टोला डोंगरापलीकडून आल्यासारखा ऐकू येतो. टोला, पडसाद. टोला, पडसाद. कुठलंही यंत्र नाही, फक्त चामड्याचा तुकडा आणि पट्टा! दोन्ही बाजूंना गाद्या बांधणं मात्र राजा-राणीच्या मृत्यूसारख्या मोजक्या प्रसंगांनाच.

आपल्या वर्तमानपत्रांत 'मृत्युघंटा' दर आठवड्याला कशाची ना कशाची वाजत असते. तो शब्द पुन्हा दिसण्याआधी एवढं कराच : डनची सोळा, सतरा, अठरा ही तीन प्रकरणं ओळीने वाचा. आणि हाफ-मफल्ड घंटांचं ध्वनिमुद्रण शोधून ऐका, तेही हेडफोन लावून. मोबाइलच्या स्पीकरवर तो पडसाद येतच नाही.