मेहसाण्याच्या शेतांखाली

बडोद्याहून मोढेऱ्याचे सूर्यमंदिर पाहायला आपल्यापैकी बरेच जण जातात. पुढच्या वेळी निघालात, तर मेहसाण्याच्या आसपास गाडी जरा हळू घ्या. एरंडी-मोहरीच्या शेतांमध्ये मान वरखाली करणारे लोखंडी पंप दिसतील. त्या ओएनजीसीच्या तेलविहिरी. मी तर मंदिरापेक्षा जास्त फोटो त्यांचेच काढले!

इथल्या बलोल आणि सांथल क्षेत्रांतले तेल काकवीसारखे दाट आहे. नुसत्या पंपाने त्यातले थोडेच वर येते. म्हणून 1990 मध्ये बलोलला एक धाडसी प्रयोग झाला आणि 1997 पासून तो मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. विहिरीतून हवा सोडायची आणि सुमारे एक किलोमीटर खोलीवर त्यातलेच थोडे तेल पेटवायचे. त्या उष्णतेने उरलेले तेल पातळ होऊन शेजारच्या विहिरीकडे सरकते.

जमिनीखाली तेलाचे तळे असते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते वालुकाश्माच्या बारीक छिद्रांत चिकटलेले असते, तेलकट तव्यासारखे. नुसत्या पाण्याने तवा निघत नाही, साबण लागतो. नॅनोकणांकडून संशोधकांना काहीसे तेच काम हवे आहे. सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच द्रव्याचे, 10-20 नॅनोमीटरचे कण पाण्यातून खाली सोडायचे. आपला केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना करा. हे कण तेल आणि दगड यांच्यामध्ये पाचरीसारखे शिरतात. दगड पाण्याला धरू लागतो आणि तेल सुटते.

प्रयोगशाळेत हे जमते. विहिरीत मात्र खारे पाणी आणि उष्णता यांमुळे कणांच्या गुठळ्या होतात आणि मोकळी करायची छिद्रेच बुजतात. शिवाय खर्चही मोठा.

तरीही हा प्रश्न सोडण्यासारखा नाही. आपण 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो आणि जगभरच्या तेलक्षेत्रांत सरासरी निम्म्याहून अधिक तेल दगडातच राहते. नवी विहीर खणण्याआधी जुनीच नीट उपसता आली, तर शेतजमीनही वाचेल.

पुढे मोढेरा येते. 2022 मध्ये ते देशातले पहिले चोवीस तास सौरऊर्जेवर चालणारे गाव म्हणून जाहीर झाले. पंप आणि सौरपट्ट्या एकाच सहलीत दिसतात. बारावीनंतर काय करायचे, या विचारात असलेल्या घरातल्या मुलांना दोन्ही दाखवा. पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राची गरज दोन्हीकडे आहे.