राणी हातात असताना

हातात राणी, टेबलावरही राणी. अशा वेळी बाकीचं टेबल दिसेनासं होतं. लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशूमध्ये १९८८ साली एरिक सायडेलचं असंच झालं असावं.

वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा. शेवटी दोघंच उरलेले. एक आदल्या वर्षीचा विजेता जॉनी चॅन, दुसरा न्यूयॉर्कचा २८ वर्षांचा सायडेल. हा मूळचा बॅकगॅमनवाला. शेअर बाजारात काम करायचा. १९८७च्या पडझडीत तेही गेलं.

टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात आणि मध्ये पाच उघडी पडतात. या सातांतली सर्वांत चांगली पाच, तो तुमचा हात. सायडेलकडे राणी-सत्ती, चॅनकडे गुलाम-नव्वी. मधली पहिली तीन पानं उघडली: राणी, दश्शी, अठ्ठी. चॅनचं स्ट्रेट तिथंच जुळलं, अठ्ठीपासून राणीपर्यंत सलग. रमीत असं पान लागलं की आपल्याकडचा भिडू आधी सावरून बसतो, मग उगाच खाकरतो. चॅननं हूं की चूं केलं नाही. इतका भरलेला हात घेऊन तो रिकाम्या हाताच्या माणसासारखा बसून राहिला.

सायडेलच्या बाजूनंही बोलायला हवं. दोघंच खेळत असताना टेबलावरच्या सगळ्यांत मोठ्या पानाची जोडी आपल्याकडे असणं ही काही लहान गोष्ट नाही. दहांतले आठ खेळाडू तिच्यावर पैसे लावतील. मीही लावीन. पण त्या क्षणी विचारायचा प्रश्न वेगळा होता: हा माणूस एवढा गप्प का? पोकरमध्ये ‘चेक’ म्हणून थांबणं हीही एक चाल असते, आणि घाईतल्या माणसाला नेमकी तीच ऐकू येत नाही. समोरचा बोलला नाही म्हणजे त्याच्याकडे बोलण्यासारखं काही नाही, असं तो गृहीत धरतो.

चौथं पान दुर्री पडलं. तिथंच सायडेलचा डाव संपला होता. न दिसलेल्या ४४ पानांपैकी एकही त्याला वाचवू शकत नव्हतं. हा हिशोब आपण आज दोघांचे पत्ते उघडे पाहून करतो, म्हणून तो इतका सोपा वाटतो. डाव हरलाच होता; चिप्स मात्र अजून हरल्या नव्हत्या. त्या त्याच्यासमोर रचलेल्या होत्या, आणि त्यानं त्या सगळ्या पुढे ढकलल्या. ऑल इन. चॅननं लगेच पत्ते दाखवले.

घाईनं खेळलेल्या डावातून शिकणं अवघड असतं, कारण निकाल फार मोठ्यानं बोलतो. तोच डाव चॅनकडे किरकोळ जोडी असताना झाला असता, तर सायडेलच्या धडाडीचं कौतुक झालं असतं. चाल तीच, घाईही तीच. म्हणून हरल्यावर ‘जोडीवर कधीच ऑल इन करायचं नाही’ असा नियम करणारा त्याच घाईनं शिकत असतो.

सायडेलला हा डाव विसरायची सोयही राहिली नाही. १९९८च्या ‘राउंडर्स’ चित्रपटात त्याची खरीखुरी चित्रफीत आहे. मॅट डेमनचं पात्र ती पाहतं आणि चॅनच्या संयमाला दाद देतं. तोवर सायडेलनं वर्ल्ड सिरीजच्या स्पर्धा जिंकणाऱ्यांना मिळणारी ब्रेसलेट्स स्वतः जिंकायला सुरुवातही केली होती, पहिलं १९९२ साली. पुढे ती दहा झाली, २०१० साली पोकरच्या हॉल ऑफ फेममध्येही तो गेला. तरी पोकरबाहेरच्या पुष्कळांना तो आठवतो तो राणी-सत्तीवाला म्हणूनच.

आणि संयमाचा पुतळा चॅन? १९८९ साली सलग तिसऱ्या विजेतेपदासाठी तो पुन्हा शेवटच्या दोघांत पोचला. समोर २४ वर्षांचा फिल हेलम्युथ, त्याच्याकडे नव्व्यांची जोडी. त्यानं ऑल इन केलं आणि चॅननं एक्का-सत्तीवर ते आव्हान स्वीकारलं. एक्का दिसायला राणीहून मोठा. चॅन हरला, आणि त्या डावाची चित्रफीत ‘राउंडर्स’मध्ये कुणी घेतली नाही.