न निवडलेल्या मैत्रिणी

"मग हिला मैत्रिणी कुठून मिळणार?"

थोरल्या मुलीला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलं, तेव्हा माहेरच्या, सासरच्या, शेजारच्या प्रत्येकाने हा प्रश्न विचारला. अभ्यासाची काळजी फारशी कुणाला नव्हती. आम्ही दोघंही शिकलेले, त्यामुळे ते जमेल असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. माझंही उत्तर तयार असायचं. म्हणायचे, शाळेत तीस-चाळीस मुलं एका वयाची, एका खोलीत, तोंडावर बोट ठेवून बसतात. त्याला सहवास म्हणायचं का? हे मी मनापासून म्हणत होते. पुढे थोरलीने दोन्ही जगं पाहिली आणि तिच्याबरोबर मीही पाहिली, म्हणून आज या प्रश्नाकडे पुन्हा बघावंसं वाटतं.

पुण्यातली ती वर्षं भरगच्च होती. घरी शिकणाऱ्या मुलांची काही कुटुंबं एकमेकांना धरून होती. जॉन होल्टची पुस्तकं या घरातून त्या घरात फिरत. 'तोत्तोचान' तर चेतना सरदेशमुख गोसावींच्या अनुवादात जवळजवळ प्रत्येकाकडे होतं. (ते पुस्तक एका शाळेवरच्या प्रेमाचं आहे, ही गोष्ट आमच्या गप्पांत फारशी यायची नाही.) कधी वेताळ टेकडीवर पक्षी बघायला जायचं, कधी केळकर संग्रहालयात दिवे आणि अडकित्ते बघत अख्खी सकाळ घालवायची, कधी आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंची खेळणी करायची. चार वर्षांच्या पोरापासून मिसरूड फुटलेल्या मुलापर्यंत सगळे एकत्र खेळत. इमारतीखाली एक सुतारकाका काम करायचे. थोरली त्यांच्याजवळ तासन् तास बसून रंधा कसा धरायचा ते शिकली. मोठ्या माणसाशी बोलताना तिची मान कधी खाली गेली नाही. घरच्या शिक्षणाने मूल एकलकोंडं होतं, असं कुणी म्हटलं की मला आजही ही मुलगी आठवते. ती एकलकोंडी नव्हतीच.

पण तिची प्रत्येक भेट माझ्या फोनमधून जायची. कुणाकडे जायचं, किती वाजता, कुणाच्या गाडीतून, हे सगळं आम्ही आया ठरवायचो. खेळताना भांडण झालं तर कुणीतरी मोठं माणूस लगेच मध्ये पडून दोघांचं ऐकून घ्यायचं. एखाद्या मुलीशी फारच बिनसलं तर पुढच्या रविवारी आम्ही दुसऱ्या घरी जायचो. शिवाय ती सगळी घरं आमच्यासारखीच होती: पदवीधर, पुस्तकांनी भरलेली, आई-बाबांपैकी एकाला नोकरी सोडणं परवडणारी. हे कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. पण घरी शिकवायला एका माणसाचा अख्खा दिवस लागतो आणि तो दिवस ज्यांच्या हातात आहे तेच लोक तिथे भेटणार.

मग सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि आम्ही गावी राहायला आलो. गाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यात, वेदगंगेच्या काठी. थोरली तेव्हा दहा वर्षांची होती. आधी वाटलं, इथे तर सोन्याहून पिवळं. शेत आहे, गोठा आहे, नदी आहे. पण सकाळी दहा वाजले की गल्ली ओस पडायची. गावातलं झाडून सगळं पोर शाळेत. ही घराच्या कट्ट्यावर पाच वाजायची वाट बघत बसायची आणि पाचला मुलं आली की त्यांच्या तोंडी दिवसभराच्या शाळेतल्या गोष्टी. त्या हिला कळायच्या नाहीत. जेमतेम तीन महिन्यांत तिनेच सांगितलं, "मला शाळेत जायचंय."

शाळा जिल्हा परिषदेची. दाखला विचारला, तर आमच्याकडे दाखलाच नव्हता. विद्यार्थी-नोंदणीच्या सरल प्रणालीत तिचा क्रमांक नव्हता. मुख्याध्यापकांनी जन्माचा दाखला पाहिला, तिच्याकडून एक धडा वाचून घेतला आणि वयाप्रमाणे पाचवीत नाव घातलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात ही तरतूद आहे: मूल कधीच शाळेत गेलेलं नसलं तरी त्याला वयानुरूप वर्गात घ्यायचं, प्रवेश परीक्षा घ्यायची नाही. घरच्या शिक्षणाबद्दल तो कायदा काहीच बोलत नाही. मुलाला परिसरातल्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य असं मात्र त्यात लिहिलंय. पुण्यात असताना आमच्यात या कलमावर खूप खल व्हायचा. त्यातला 'परिसर' हा शब्द तेव्हा माझ्या नजरेत भरला नव्हता.

पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलींनी तिला गराडा घातला. "तू कंच्या शाळंत हुतीस?" "घरी शिकत होते." "म्हंजे तुला शाळाच नव्हती?" त्यांना तिची दया आली होती. तिला वाचायला जमतंय हे बघून त्या चकित झाल्या.

अभ्यासात तिला अडचण आली नाही. अडचण आली ती खेळात. लंगडीत ती बाद झाली आणि राज्य तिच्यावर आलं, तर ती म्हणाली, मला पकडलंच नाही. पुण्यात अशा वेळी कुणीतरी काकू मध्ये पडली असती. इथे मुलींनी एका सुरात "रडीचा डाव!" म्हणून आरडाओरडा केला, तिच्याशी कट्टी घेतली आणि खेळ पुढे चालू. दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर, त्याच मुलीशेजारी बसायचं होतं. तिसऱ्या दिवशीही. ती घरी येऊन रडली, शाळा नको म्हणाली. मला मुख्याध्यापकांना भेटावंसं वाटलं. सासूबाईंनी अडवलं. "पोरींचं पोरी बघून घेतील. तू मदी पडू नगंस." आठवड्याने पट्टीवरून की खोडरबरावरून काहीतरी निमित्त झालं आणि बट्टी झाली. कशी झाली, ते तिने मला सांगितलं नाही. तिच्या आयुष्यातली माझ्या हातून न गेलेली ही पहिलीच मैत्री. मला त्याचं थोडं वाईट वाटलं आणि खूप बरं वाटलं.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. बीडकडच्या एका टोळीने गावाच्या शिवारात कोप्या घातल्या आणि गुरुजींनी कोप्यांवर जाऊन मुलं शाळेत आणली. त्यातली एक मुलगी थोरलीच्या वर्गात बसली. ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची, कारण आईबाप पहाटेच फडात जायचे. गुरुजींनी भावालाही बसू दिलं. वाचन तिचं दुसरीच्या पोराइतकं, पण तोंडी हिशेबात ती वर्गाला हरवायची: किती टन भरले, टनाला काय दर, मुकादमाची उचल किती फिटली, किती राहिली. हे सगळं थोरली तिच्याकडून शिकली. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हंगामाआधी घेतलेली उचल फिटेपर्यंत मागे वळता येत नाही, हेही ती रात्री जेवताना आम्हाला सांगायची. पुण्यात आम्ही स्थलांतराबद्दल मुलांना एक सुंदर प्रकल्प दिला होता, नकाशे आणि चित्रांसह. त्या प्रकल्पात कुणाला अशी मैत्रीण मिळाली नव्हती. मार्चमध्ये टोळी परत निघाली तेव्हा शाळेने त्या मुलीच्या हातात शिक्षण हमी कार्ड दिलं, म्हणजे पुढच्या गावच्या शाळेत तिला बसता यावं. थोरलीने तिला आपली रंगपेटी दिली.

तेव्हापासून मी शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांबद्दल वाचायला लागले. कोल्हापूर जिल्ह्यातलाच हा माणूस. आमच्या तालुक्याच्या गावी, गारगोटीला, मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा हात होता. पुढे ते कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. 1966 च्या त्या अहवालात परिसर शाळेचा आग्रह आहे: वस्तीतली सगळी मुलं, कुठल्याही जातीची, कुठल्याही ऐपतीची, एकाच शाळेत यावीत. त्याच्या कितीतरी आधी शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि 1919 मध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. एकत्र बसणं ही गोष्ट या मातीत भांडून मिळवलेली आहे. भावकीतल्या एक जाऊबाई मला म्हणाल्या, "पोरगीला दुपारी घरी जेवायला बोलव की, शाळेतली ती खिचडी कशाला?" मी नाही बोलावलं. गावातल्या कुठल्याही पंगतीत जी मुलं शेजारी बसलेली दिसत नाहीत, ती शाळेच्या व्हरांड्यात एका ओळीत बसून खातात. ती ओळ मोडायला मी कारण होणार नाही.

शाळेने तिच्याकडून काही घेतलंही, आणि ते मला सलतं. पूर्वी वय ही गोष्ट तिच्या गावीही नव्हती. आता पाच वर्षांनी लहान असलेल्या भावाच्या दोस्तांना ती खेळात घेत नाही. "ती बारकी हाईत," म्हणते. सहावीपासून मुली मुलांशी बोलेनाशा झाल्या, कुणी बोललं तर वर्गभर चिडवाचिडवी. टेकडीवर मुलांबरोबर झाडावर चढणारी माझी मुलगी प्रार्थनेनंतर मुलींच्या रांगेत शिस्तीत उभी राहून मुलांकडे बघायचंच टाळू लागली. सुरुवातीला ती वर्गात हात वर करून "असं का?" विचारायची. हळूहळू परीक्षेत काय येणार एवढंच विचारू लागली. आडनावावरून कोण कुठल्या गल्लीतलं, आणि त्या गल्लीचा अर्थ काय, हेही तिला शाळेतच कळलं. पंगत एक आहे म्हणून सगळं एक झालं असं नाही. तेवढंच तिला घरी समजावता यावं म्हणून पुण्यातली सवय मी सोडलेली नाही: संध्याकाळी दोघी बसतो आणि ती दिवसभरात जे बघते त्यावर बोलतो. ते बोलणं हेच आता आमचं घरचं शिक्षण.

शाळेचा पट दरवर्षी उतरतोय. सकाळी इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी गावात येते आणि ज्यांना फी भरता येते त्यांची मुलं घेऊन जाते. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, म्हणून एप्रिलमध्ये शिक्षकांबरोबर घरोघर फिरले. "तुम्ही तर पोरीला घरात शिकवत हुता, आणि आमाला सरकारी शाळंत पाठवा म्हणताय?" असं एकाने विचारलं. मी म्हटलं, "दोन्ही केलंय, म्हणूनच सांगते." त्याने मुलाचं नाव घातलं नाही. त्याच्या शेजारणीने घातलं.

सातवीनंतर थोरलीला आम्ही पुन्हा विचारलं. गारगोटीचं हायस्कूल आहे, किंवा परत घरी शिकून चौदा पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी देता येते. तिने दोन दिवस विचार केला आणि हायस्कूल म्हणाली. पण एक अट घातली: शिकवणी लावायची नाही. शाळा सुटल्यावरचा वेळ तिला आजोबांजवळ बसायला, वाचायला आणि सुतारकाम करायला हवाय. आम्ही कबूल केलं. परवा रंधा आणायला आम्ही दोघी कोल्हापूरला गेलो, सोबत तिची ती पहिली कट्टीवाली मैत्रीणही होती. तिलाही सुतारकाम शिकायचंय म्हणे.